बरणीतला कोळी

बहात्तरच्या दुष्काळात विहिरीचा काठ खणताना तळहाताएवढा केसाळ कोळी निघाला. मी तो लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पाळला. जिवंत रातकिडा टाकला की झडप घालायचा.

हे आईला सहन होईना. बौद्ध झाल्यापासून ती रोज पंचशील म्हणायची, आणि त्यातलं पहिलंच जीवहत्या न करण्याचं. "माह्या घरात हे चालनार नाई," म्हणत तिनं रातकिडे बंद केले आणि बरणीत दुधात कुस्करलेली भाकर ठेवू लागली. कोळी भाकरीला शिवेना. मी तिच्यावर चिडायचे, पण ती काही ऐकेना.

एका सकाळी मी शाळेत गेल्यावर कोळी उताणा पडलेला तिला दिसला. आपल्यापायी तो उपाशी मरतोय, असं वाटून तिनं स्वतः रातकिडा पकडून आत सोडला.

कोळी कात टाकत होता. तेव्हा तो उताणाच पडतो आणि अंग अगदी मऊ होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मी घरी आले तेव्हा रातकिडा त्याचं पोट कुरतडत होता. संतापून मी रातकिड्याला चिरडायला हात घातला. आईनं माझं मनगट धरलं.

"त्याले नको मारू. मीच सोडला त्याले."