नवसाचा उपास आणि आईचा न्यूमोनिया

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाल्या, "न्यूमोनिया आहे." म्हणजे फुप्फुसाला सूज येऊन त्यात पाणी साचतं, हेही त्यांनीच समजावलं. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून बाबांनी मला पुढे उभं केलं होतं.

घाटकोपरच्या आमच्या खोलीत आधी मला फ्लू झाला, मग बाबांना. आम्ही दोघं काही दिवसांत उठलो. आई आमच्यासाठी पेज आणि काढा करत राहिली आणि शेवटी तीच पडली. ताप उतरेना. बोलताना धाप लागू लागली, तेव्हा तिला म्युनिसिपालिटीच्या इस्पितळात आणलं. नाकाला ऑक्सिजनची नळी लागली.

रक्ताचे रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातून प्राणवायू वाहून नेणारा घटक, फार कमी होतं. अल्ब्युमिन नावाचं रक्तातलं प्रथिनही कमी.

"या खातात काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एकदाच जेवता ती, रात्री," बाबा म्हणाले. "नवस आसा तिचो."

नवस माझ्यासाठी होता. मी पदवीधर होईपर्यंत एक वेळ जेवीन, मासे-अंडी सोडीन, असं आई गावच्या देवाला बोलली होती. आमच्या चाळीत याचं कुणाला नवल नव्हतं. मलाही वाटलं नाही.

"विषाणू तिघांना एकच असावा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फक्त उपासामुळे इतकं वाढलं, असं मी म्हणणार नाही. पण शरीराला लढायला जे लागतं, ते यांच्याकडे शिल्लक नाही. औषध मी देते. खायला तुम्ही घाला. त्याशिवाय या लवकर सुधारणार नाहीत."

सकाळी वॉर्डात उकडलेलं अंडं आलं. आईने तोंड फिरवलं. दुपारचा वरणभातही तसाच परत गेला. मी प्रथिनांबद्दल बरंच बोलले. ती एवढंच म्हणाली, "नवस मोडलो तर तुझा शिक्षाण अर्धा रवात."

दुसऱ्या दिवशी तिला उठून बसवेना. पुन्हा अंडं आलं, तेव्हा बाबांनी चपला काढल्या, खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं, गावी देवळात घालतात तसं.

"बा देवा म्हाराजा, हिचो उपास आजपासून माझ्यावर घे. हिका जेवूक दी."

शेजारच्या खाटेवरची दम्याची म्हातारी आमच्याच बाजूची, कोकणातली निघाली. गाऱ्हाण्याला सगळ्यांनी द्यायचा होकार तिने पडल्या पडल्या दिला, "व्हय म्हाराजा."

आईने बाबांकडे पाहिलं. "आणि तुमका डूटीवर चक्कर इली तर?"

"ता मी बघतंय. खा तू."

तिने अंडं हातात घेतलं. अर्धंच खाल्लं, पण खाल्लं. नंतर दूध, मग मऊ भात. ताप हळूहळू उतरला आणि एके सकाळी नळी निघाली.

डॉक्टरीणबाईंचे आभार मानायला आम्ही गेलो, तर उपास अंगावर घेतला म्हणून त्यांनी बाबांना झापलं. शेवटी उपासाला दूध आणि शेंगदाणे चालतात, असं ठरलं.

अशा नवसापुढे तुम्ही कधी उभे राहिलात, तर वाद घालत बसू नका. तो दुसऱ्या कुणाला अंगावर घेता येतो का, ते विचारा. श्रद्धा किती आणि औषध किती, ते मला अजून नीट सांगता येत नाही. आई आता दोन्ही वेळ जेवते.

बाबा वॉचमनच्या डूटीवरून येतात आणि दारातच विचारतात, "परीक्षा कधी गो तुझी? भूक लागता."