मामांचं परतीचं तिकीट

काळजी करण्याची परीक्षा असती, तर माझे मामा आदिलाबाद जिल्ह्यात पहिले आले असते, आणि निकाल चुकून लागला असेल या धास्तीने आठवडाभर जेवले नसते. आदिलाबादेत त्यांचं बांगड्यांचं दुकान, आम्ही गाडीच्या वाटेवर किनवटला. रेल्वेची त्या काळी एक गंमत होती. परतीचं तिकीट दोन एकेरी तिकिटांपेक्षा पुष्कळ स्वस्त, पण त्याला मुदत. एकेरी महाग, आणि ते त्याच दिवशी संपायचं. मामा अर्थातच परतीचं काढत आणि गाडीतून उतरल्यापासून खिशातल्या उरलेल्या अर्ध्या तुकड्याच्या धसक्यात वावरत. पोलीस अ‍ॅक्शनच्या दिवसांत गाड्या बंद पडून असा एक तुकडा वाया गेला होता. निजामाचं राज्य गेल्याच्या आनंदातही ते दुःख त्यांना पुरून उरलं. माझ्या बहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आत ते चपला शोधायला लागले होते. मुदत दुसऱ्या दिवसाची होती, तरीही. भाऊबिजेला आई ओवाळत असताना त्यांचं लक्ष दाराकडे. "मी का त्या तुकड्याहून हलकी हाव का?" असं ती दरवर्षी विचारी, आणि मामा कसनुसं हसून निघत.

मग राज्यांची फेररचना आली. तोवर एकाच जिल्ह्यात असलेलं किनवट मुंबई राज्यात जाणार, आदिलाबाद आंध्रात जाणार, असं ठरलं आणि मामांची झोप उडाली. परतीचा तुकडा परराज्यात चालेल का, हे त्यांनी स्टेशनमास्तरांना इतक्यांदा विचारलं, की मामा दिसले की ते दार लावून घेत.

त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर आईला विषमज्वर झाला. मामा आले. मुदतीची कटकट नको, बहिणीजवळ हवं तितकं बसता यावं, म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एकेरी तिकीट काढलं होतं. हे कळलं मात्र, आईचा चेहरा पांढराफटक पडला.

"दादा, तू एकेरी काढलं? मंजे माहं आता काई खरं नाई का?"

मामा तसेच उठले, स्टेशनवर गेले आणि आदिलाबादचं तिकीट घेऊन आले. "हे पाय, आजच्या गाडीनं चाललो मी. तुले काई नाई झालं." आई निवांत झोपली. गाडी निघून गेली, मामा उशाशीच बसून. दुसऱ्या दिवशी ती जागी झाली, तेव्हा त्यांच्या हातात नवं तिकीट. पुढे रोज हेच. तुकडा वाया जाऊ नये म्हणून लग्न अर्ध्यावर सोडणारा हा माणूस रोज एक अख्खं, महागडं तिकीट डोळ्यांदेखत वाया जाऊ देत होता, आणि ताप काही उतरत नव्हता. त्यांच्या तोंडाकडे पाहायची मला भीती वाटे.

एके दिवशी आई उठून बसली, वाटीभर पेज प्याली आणि म्हणाली, "दादा, लय तिकिटं वाया घालवली रे." तिला सगळं कळत होतं.

"जाऊ दे," मामा म्हणाले, "तू राह्यली ना."

तोवर दिवाळी होऊन गेली होती, जिल्ह्याची वाटणीही झाली होती. मी मामांना गाडीवर सोडायला गेले. ते खिडकीशी बसून नुसते डोळे पुसत होते. गाडी गेली, आणि इतकी वर्षं शेजारचं वाटलेलं आदिलाबाद मला त्या दिवशी फार लांब वाटलं.