चांदीची जीभ

माझी मुलगी तीन वर्षांची होत आली तरी बोलत नव्हती. ऐकू सगळं यायचं. डब्याचं झाकण उघडलेलं तिला गच्चीवर कळायचं. 'बाबांची चप्पल आण' म्हटलं की बरोबर त्यांचीच जोडी उचलून आणायची. पण तोंडातून 'अं' आणि 'ब्बा' यापलीकडे काही नाही. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. शहरात द्वारका चौकाच्या मागे आमचं दोन खोल्यांचं घर होतं. घरात सासूबाई, नवरा, मी आणि ही. मी सरकारी कचेरीत कारकून होते.

घरात गुन्हेगार एकच होती आणि ती रोज सकाळी डबा घेऊन कामावर जायची. पहिला आरोप नोकरीचा. 'आई दिवसभर बाहेर, पोर बोलणार कुणाशी?' म्हणजे ज्या घरात मुलीला ठेवून मी जात होते, तिथे दिवसभर कुणीच नसतं असं समजायचं. दुसरा आरोप माझ्या भाषेचा. माझं माहेर सटाण्याकडचं, घरी अहिराणी. मुलीला न्हाऊ घालताना, भरवताना माझ्या तोंडी तेच यायचं. 'भूक लागनी का वं माय तुले?' असं म्हटलं की ती तोंड उघडायची, बोलायला नाही, घासासाठी. सासूबाई स्वयंपाकघरातून ऐकायच्या आणि रोज सकाळी मधात उगाळलेलं वेखंड तिच्या जिभेला चोळायच्या. पोर ओकाऱ्या काढायची.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. आम्ही दोघं आणि अर्थातच सासूबाई. डॉक्टरांनी कान तपासले, ऐकणं ठीक आहे म्हणाले. मग विचारलं, "घरात कुणी उशिरा बोललं होतं का? आईकडे, वडिलांकडे? हे पुष्कळदा घराण्यातून येतं." मी माझ्या आईला आधीच विचारून ठेवलं होतं. आमच्याकडे सगळी मुलं चालायच्या आधीच तोंडाळ. नवऱ्याने त्याच्या आईकडे पाहिलं.

"आमच्याकडे नाही हो असलं काही," सासूबाई म्हणाल्या. "हिची बोली वेगळी पडते. त्याने गोंधळते पोर."

"मग सध्या घरात एकच भाषा ठेवा," डॉक्टर म्हणाले. ती एक भाषा कुणाची, हे काही कुणाला विचारावं लागलं नाही.

मी पुस्तकातल्यासारखं बोलू लागले. 'बाळा, भूक लागली का?' माझाच आवाज मला शेजारणीचा वाटायचा. मुलीशी लाडाने बोलायला गेले की जीभ अडायची, कारण लाडाचे सगळे शब्द मला अहिराणीतच येत होते. माझी आई भेटायला आली की सासूबाई हसून म्हणायच्या, "विहीणबाई, पोरीशी जरा शुद्ध बोला हं." आईला शुद्ध येत नव्हतं. ती नातीला मांडीवर घ्यायची, केसांतून हात फिरवायची आणि गप्प बसायची. दोघी मुक्या. मला ते बघवायचं नाही. पण पोर बोलावी यासाठी मी त्या दिवसांत काहीही सोडलं असतं.

तरी ती बोलेना. मग सासूबाईंनी कुलदेवीला चांदीची जीभ वाहण्याचा नवस बोलला. आम्ही सराफ बाजारात त्यांच्या नेहमीच्या म्हाताऱ्या सोनाराकडे गेलो. मुलगी माझ्या कडेवर. सोनाराने विचारलं, "केवढी करायची, आई?"

"मागे ह्याच्या वेळी केली होती ना, तेवढीच करा," सासूबाई सवयीने म्हणाल्या आणि माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"साहेबांच्या वेळी मोठीच होती," सोनार हसला. "फार उशिरा बोलले हे. ह्यांचे वडीलसुद्धा तसेच, तुम्हीच सांगितलं होतं."

सासूबाई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. नवरा समोरच्या पैंजणांकडे बघत राहिला. मला तिथेच दुकानात ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, पोर कडेवर होती.

घरी आल्यावर मी नवऱ्याला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"आई बोलत होती, मध्ये कसं तोंड घालणार?" तो म्हणाला. "आणि मी बोललोच ना शेवटी?"

हो, बोलला. फक्त जिथे बोलायला हवं होतं, तिथे नाही.

मुलगी पुढच्या वर्षी बोलली, एकदम अख्ख्या वाक्यात, थेट पाणी मागितलं. देवीला जीभ वाहिली गेली. श्रेय देवीला, वेखंडाला आणि माझी बोली बंद केल्याला वाटून दिलं गेलं. बापाच्या रक्ताचं नाव कुणी काढलं नाही. पुढे दोन हजार सालानंतर नणंदेचा मुलगाही बोलेना, तेव्हा मात्र सासूबाई निवांतपणे पोळ्या लाटत तिला म्हणाल्या, "घाबरू नकोस गं, आपल्याकडे मुलं उशिराच बोलतात. रक्तातच आहे ते." मी शेजारी बसून कणीक मळत होते. मी इतकी जोरात मळली की परात घसरली.

त्याच वर्षी उन्हाळ्यात माझी आई आजारी पडली म्हणून मुलीला घेऊन मी माहेरी गेले. आईने तिचा हात धरला आणि म्हणाली, "मनी माय, तू मोठी व्हई गयी वं." मुलगी माझ्याकडे वळली. "आई, आजी काय म्हणतेय?" माझ्या आईचं बोलणं मी माझ्या मुलीला मराठीत समजावून सांगितलं. आईने तोंड भिंतीकडे केलं. पुन्हा ती नातीशी काही बोलली नाही.

घरी परतल्यावर मी ठरवलं, आता कुणाचं ऐकायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीची वेणी घालताना मी कितीतरी वर्षांनी म्हटलं, "भूक लागनी का वं माय तुले?"

ती गर्रकन वळली. स्वयंपाकघराकडे बघितलं आणि माझ्या तोंडावर हात ठेवला.

"शू, आई. घरातली आजी म्हणते, तसं बोललं की मुलं मुकी होतात."