बाभळीची कचरापेटी

गुलाबी बोंडअळीने सगळा तालुका धरला त्या वर्षी मी कृषी सहायक म्हणून वरवट बकालला होतो. माझं मूळ गाव सुलतानपूर, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. माझ्या तोंडून 'मला', 'तुला' ऐकलं की 'मले', 'तुले' म्हणणारे इकडचे लोक अजूनही गालात हसायचे. त्या हंगामात मात्र कोणी हसलं नाही.

बीटी कपाशीचं बियाणं आलं तेव्हा पहिली काही वर्षं फवारणीचा त्रास खरंच कमी झाला होता. बियाण्याच्या पाकिटाची माहिती लोकांना मीच देत फिरलो होतो, उन्हात, बांधाबांधावर उभा राहून. मग अळी बोंडाच्या आत शिरली. बाहेरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत कवडी झालेला, डागाळून चिकटलेला कापूस आणि गुलाबी अळी. दिवसभर शेतं पाहायची, पंचनामे लिहायचे, आणि घरी यावं तर ओसरीवर माणसं बसलेली. प्रत्येकाच्या हातात बोंडं. रुमालात, टोपीत, पिशवीत. ती माझ्या टेबलावर ठेवून ते सांगू लागायचे आणि मी ऐकायचो. पुढे पुढे मला फक्त त्यांचे ओठ हलताना दिसायचे.

लोक गेले की बोंडं आणि चुकलेले कागद मी कोपऱ्यातल्या युरियाच्या रिकाम्या पोत्यात टाकायचो. पोतं आडवं व्हायचं, अळ्या बाहेर यायच्या. एका सकाळी बायकोला पिठाच्या डब्याच्या झाकणावर एक सापडली. तिने डबा पुसला, पीठ चाळलं आणि मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "अहो, झाकणाचं काहीतरी आणा. एवढं तरी करा."

टेबलाचा पाय हलत होता म्हणून त्याच आठवड्यात मी गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणत. आयुष्यभर त्यांनी पेरणीच्या तिफणी, वखर, बैलगाड्यांची जुवं केली. त्यांच्या अंगणात बाभळीच्या फळ्यांची चळत पडून होती. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तिफनीसाठी कापून ठेवल्या होत्या. आता बीटीचा एकेक दाना बाया हातानं टोबते, बाकीचं ट्रॅक्टर पेरते. तिफन कोन नेते?"

मी झाकणाच्या पेटीचं सांगितलं. त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. बोटं थरथरत होती.

"करवत धरवत नाई, साहेब. तुमी करा. मी बसून सांगतो."

"मला कुठं येतं?"

"मले बी येत नव्हतं."

तीन रविवार लागले. वर रुंद आणि खाली निमुळती पेटी करावी असं माझ्या मनात होतं. चाचांनी मान हलवली. "सरळ करा. तिरकस जोडाले उमर जाते." चार बाजू, एक तळ, एक झाकण, उंची गुडघ्याइतकी. वाळलेली बाभूळ लोखंडासारखी. पहिले पाच-सहा खिळे माझ्या हातून वाकले. मग त्यांनी आधी गिरमिटाने भोक पाडायला लावलं. रंधा मारताना माझ्या खांद्यात कळ यायची आणि ते भिंतीला टेकून म्हणायचे, "ढकलू नका त्याले. चालू द्या." फळीवरून ढलपी निघायची, आतून लालसर लाकूड दिसायचं. त्या दोन-तीन तासांत मला कोणी काही दाखवत नव्हतं, काही विचारत नव्हतं.

दुसऱ्या रविवारी चहा पिता पिता मला बसल्या जागी झोप लागली. जाग आली तेव्हा ऊन अंगणभर पसरलं होतं आणि अंगावर चाचांची चादर होती. ते तिथेच बसून होते.

"एक जन आला होता बोंडं घेऊन," ते म्हणाले. "म्हटलं, साहेब झोपले. उद्या ये."

"उठवायचं होतं मला."

"काऊन? अळी कुठं पळून जाते?"

तिसऱ्या रविवारी पेटी पूर्ण झाली. एक कोपरा किंचित उचललेला आणि झाकण एका बाजूने नीट बसत नव्हतं. मोटारसायकलवर मागे बांधून ती घरी आणली. बायकोने आत-बाहेर हात फिरवून पाहिलं. "घट्ट आहे," म्हणाली आणि टेबलाखाली ठेवली. पोतं त्याच दिवशी गेलं.

आठवडाभराने सोनाळ्याकडची एक बाई आली. पन्नाशीची असेल. नवऱ्याची कंबर गेलेली, म्हणून शेत तीच पाहत होती. हिरव्या लुगड्याच्या फडक्यात तिने बोंडं बांधून आणली होती. मी गाठ सोडून पाहिली, लिहून घेतलं, तिचा अंगठा घेतला. ती गेल्यावर फडक्यासकट सगळं पेटीत टाकलं. त्या दिवशीची ती कितवी होती, मला आठवत नाही.

चार दिवसांनी ती परत आली. सातबाऱ्यावरचा गट नंबर मी चुकीचा लिहिला होता. मी कागद शोधत होतो, ती भिंतीशी बसली होती. झाकणाच्या फटीतून हिरव्या फडक्याचं टोक बाहेर आलेलं तिला दिसलं.

"हे माहं फडकं हाये न?"

मी हो म्हणालो. तिने झाकण उचललं, गाठोडं बाहेर काढलं आणि मांडीवर सोडलं. बोंडं काळी पडली होती. अळ्या बाहेर येऊन फडक्यात मेल्या होत्या.

"मले वाटलं, तुमी हे वर पाठवता," ती म्हणाली. "म्या निवडून आनले होते. ज्याच्यात दोन-दोन अळ्या हायेत तेच. दुपारभर झाडाखाली बसून निवडले."

"वर फक्त कागद जातो, मावशी."

"मंग बोंडं काऊन ठेवून घेतले?"

मी कोणाला बोंडं आणायला सांगितलं नव्हतं. पण नको असंही कधी म्हटलं नव्हतं. बोंडं माझ्यापाशी ठेवून माणूस रिकाम्या हाताने उठून गेला की त्याला बरं वाटतं, एवढंच मला त्या महिन्यात कळत होतं. तिला मात्र मी म्हणालो, "चुकलं माझं."

ती रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने एकेक बोंड उचलून परत पेटीत टाकलं, फडकं दारात जाऊन झटकलं, घडी करून कमरेला खोचलं. "फडकं कामाचं हाये," म्हणाली. मग पेटीकडे पाहून विचारलं, "हे कोनं केलं?"

"मी."

"झाकन बसत नाई."

गट नंबर दुरुस्त करून मी तिला वाचून दाखवला. बायकोने दिलेला चहा पिऊन ती गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी ओसरीवरच सांगायला लागलो की बोंडं आणू नका, मी शेतात येऊन पाहतो. काहींना ते पटलं नाही. माझी पायपीट दुपटीने वाढली. बायको म्हणाली, "आता घरी तरी कधी येणार?" पेटीत कागद आणि भाजीची देठं तेवढी पडायला लागली.

सोनाळ्याकडच्या त्या बाईच्या शेतात मी पोचलो तेव्हा उशीर झाला होता. कपाशीची पऱ्हाटी उपटून तिने बांधाला ढीग लावला होता. हरभरा टाकायचा विचार होता. पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी मी शेतभर फिरलो आणि ती माझ्या मागे मागे फिरली. तिचं नाव नुकसानभरपाईच्या यादीत आलंय हे मी तिला सांगितलं.

"आलं न? मंग झालं," ती म्हणाली आणि गडव्यातलं पाणी दिलं.

मी बांधावर बसलो. गुडघे दुखत होते, उठावंसं वाटत नव्हतं. ती उरलेल्या पऱ्हाट्या उचलू लागली. अंधार पडायच्या आत अजून दोन शेतं पाहायची होती, त्यातलं एक नाल्यापलीकडे. थोड्या वेळाने मी चपला झटकल्या आणि निघालो.