गळती दिसली तर १ दाबा

साहेबांनी माझे केस मुठीत धरले आणि माझं तोंड कीबोर्डवर आपटलं.

एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या वेळी दात ओठात घुसला. पडद्यावर माझ्या कपाळानं दाबलेली कसलीतरी अक्षरं उमटत गेली. मागं शिफ्ट बदलायला आलेली पंचवीसेक माणसं उभी होती. कुणी हललं नाही.

"वाच," साहेब म्हणाले. "काय घाण लिहिलीयस, ती सगळ्यांना वाचून दाखव."

मी बोईसरच्या एका रसायनांच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर बसायचे. साहेब म्हणजे तिथले मॅनेजर. माझं घर तारापूरच्या बाजूला, किनाऱ्यावर. बापाची होडी, आई मासळी विकते. मी बारावी झाले, टायपिंग शिकले, आणि ऑफिसात बसणारी घरातली पहिली बाई झाले. साहेब माझ्या टेबलापाशी आले की नाकाला रुमाल लावायचे. लोक हसायचे. मीही हसायचे. ते माझं हसणं आठवलं की आज स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

कारखान्यात एक बुलेटिन बोर्ड होतं. भिंतीवरचं नाही, कॉम्प्युटरवरचं. गेटच्या आत, माझ्या टेबलावरून दिसेल असा, एक जुना कॉम्प्युटर. त्यावर आपला नंबर टाकायचा, सूचना वाचायच्या, तक्रार असेल ती लिहायची. लिहिलेलं मुंबईच्या मोठ्या ऑफिसातही दिसायचं. तोंडी तक्रार घ्यायची नाही, असा साहेबांचा हुकूम. नव्या माणसासाठी त्यात मदतीचं एक पान होतं. त्यावर लिहिलेलं, 'वापरकर्त्याने अभिप्रेत विभाग निवडून आपली प्रविष्टी सादर करावी.' मला बारावी शिकलेलीला ते तीनदा वाचावं लागलं.

जयराम सफाळ्याच्या आतल्या गावचा. भातशेती करणारा, चाळिशीचा माणूस. कामाला लागून आठवडा झाला होता. ॲसिडच्या पाइपाचा सांधा गळताना त्यानं पाहिला. सुपरवायझरला सांगितलं. सुपरवायझर म्हणाला, बोर्डावर टाक. जयराम कॉम्प्युटरपुढे जाऊन उभा राहिला. मदतीचं पान उघडलं. ओठ हलवत वाचलं. परत वाचलं. मग हात पँटला पुसले आणि निघून गेला. मी माझ्या टेबलावरून हे सगळं पाहत होते. उठले नाही. मी डबा खात होते.

तासाभरात तो सांधा सुटला, नेमका जयरामच्या अंगावर. त्याच्या मानेपासून कोपरापर्यंतची कातडी शर्टाबरोबर निघून आली. माणूस असा ओरडू शकतो, हे मला माहीत नव्हतं. त्याला नळाखाली बसवलेलं असताना साहेब आले. भाजलेल्या मानेवरचीच कॉलर त्यांनी धरली आणि त्याला गदागदा हलवलं. लिहून का टाकलं नाहीस, म्हणून विचारत होते.

जयराम एवढंच म्हणाला, "काय लिवायचा ता नाय समजला, साहेब."

बोर्डावर सूचना चढवायचं काम माझंच होतं. त्या आठवड्यात मी ते मदतीचं पान नव्यानं लिहिलं. कुणाला विचारलं नाही. ऑफिसात झाडू मारणाऱ्या कमळाताईंना समोर बसवलं आणि एकेक ओळ वाचून दाखवली. त्या जिथं अडल्या, तिथं खोडलं. चौथ्या वेळी त्या अडल्या नाहीत. तेव्हा बोर्डावर चढवलं.

'घाबरू नका. चुकलं तरी काय बिघडत नाय. आधी तुमचा नंबर लिवा. मग एंटर लिवलेलं बटण दाबा. वाफ दिसली, वास आला, गळती दिसली तर १ दाबा. काय झालं, कुठं झालं, तेवढंच लिवा. हिंदीत लिवलं तरी चालतं. लिवता येत नसेल तर बाजूच्याला सांगा. त्यानं लिवून दिलंच पायजे.'

माणसं लिहायला लागली. तीन नंबरच्या टाकीपाशी डोळे जळतात. हातमोजे फाटलेत. पाइपाला चिंधी बांधून ठेवलीय. बिहारची पोरं हिंदीत लिहायची, गावची माणसं बोलतात तसं. मुंबईहून साहेबांना फोन यायला लागले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ते जुनं पान कुणाकडून चुकून अवघड झालेलं नव्हतं. कुणाला कळू नये, म्हणूनच ते तसं होतं.

चौथ्या दिवशी त्यांनी माझे केस धरले.

मी वाचलं. रक्त गिळत पहिल्यापासून वाचलं. साहेब म्हणाले, "नाय, लिवा, पायजे. ही भाषा तुमच्या मासळीबाजारात. पूस ते. आणि कान धरून सगळ्यांची माफी माग."

मी कान धरायला हात वर नेला. खरंच नेला. कानापर्यंत गेलेला तो हात तिथं थांबलाच नाही. केस धरलेल्या त्यांच्या मनगटावर गेला. मी नखं रुतवली, कातडी फाटेपर्यंत. त्यानं दुसरा हात उगारला. मी कीबोर्ड वायरीसकट उपटला आणि त्या हातावर हाणला. बटणं उडाली. तो मागं भिंतीवर आदळला. साहेब म्हणायचं मी तिथंच सोडलं.

"पुसणार नाय," मी म्हटलं. "जयरामला समजला नाय, ता तुला पायजेच होता."

गेटबाहेर माझ्यामागून एकट्या कमळाताई आल्या. आम्ही दोघी चौकीत गेलो. हवालदार वाईट माणूस नव्हता. पाणी दिलं, ओठाला लावायला बर्फ मागवला. मग रोजच्या सवयीनं त्यानं लिहिलं, 'वरिष्ठांशी शाब्दिक वाद होऊन किरकोळ झटापट झाली.' आणि सहीसाठी कागद पुढं सरकवला.

मी पेन खाली ठेवलं. सांगितलं, मॅनेजरनं माझे केस धरले, तोंड आपटलं, दोनदा, असं लिवा. मीबी त्याला मारलं, तेबी लिवा. जयराम कसा भाजला, तेबी लिवा. तो म्हणाला, अर्थ तोच होतो. मी म्हटलं, नाय होत.

आम्ही उठलो नाही. शेवटी त्यानं नवा कागद घेतला. लिहून झाल्यावर मी तो कमळाताईंना वाचून दाखवला. त्या कुठंच अडल्या नाहीत. मग सही केली.

नोकरी गेली. मनगटाच्या जखमांवरून मॅनेजरनंही माझ्यावर केस टाकली आहे. जयरामचा हात अजून सरळ होत नाही. खटला कधी उभा राहील, माहीत नाही. मॅनेजरचा वकील कसल्या भाषेत बोलेल, ते मात्र मला माहीत आहे. मी प्रत्येक वाक्याला थांबवणार आहे. म्हणणार आहे, परत सांगा, कळेल असं सांगा. न कळणाऱ्या कागदावर मी सही करणार नाही आणि माझ्यादेखत कुणाला करू देणार नाही.