अण्णांची अविधवा नवमी

शरद लागला की मला बेंगळुरू फार आवडतं. आभाळ धुतल्यासारखं, ऊन कोवळं, दारात पारिजातकाचा सडा. पुण्याचे नातलग उकाड्याने हैराण असतात तेव्हा आम्ही सकाळी शाल शोधत असतो, आणि हे मी त्यांना फोनवर मुद्दाम ऐकवते.

यंदा याच दिवसांत वहिनीची पहिली अविधवा नवमी आली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध पितृपक्षात त्या दिवशी करतात. श्राद्ध आटोपलं आणि अण्णा, माझे थोरले भाऊ, द्रोणात पिंड घेऊन चपला शोधू लागले. "वाहत्या पाण्यातच सोडायचे. आपल्यात तसंच करतात. चल, वृषभावतीवर."

माझं डोकंच फिरलं. दर रविवारी आमच्या नदी-बचाव गटाबरोबर मी त्याच नदीच्या काठावरून निर्माल्याच्या पिशव्या उचलते, लोकांना चार शब्द सुनावते, आणि माझ्याच घरातून हे! "गाईला घाला ना," मी म्हटलं. "भटजींनीही चालेल म्हणून सांगितलंय." पण हट्टाला पेटले की अण्णा कोणाचे नाहीत. बरं, पुलावरच नेऊन सुनावू, असं ठरवून मी गाडी काढली.

बसवनगुडीत उगम पावलेली ती नदी पुलाखालून काळीठिक्कर वाहत होती, वर पांढरा फेस. अण्णांनी उपरणं नाकाला लावलं. लहानपणी ते तिच्यात पोहलेले. पुढे बसमधून ओलांडण्यापलीकडे तिच्याशी संबंध उरला नव्हता. कठड्यावरून ते खाली वाकून पाहू लागले. मी तोंड उघडणार, तोच म्हणाले, "स्वल्प थांब गं." मग द्रोण छातीशी धरून म्हणाले, "हिला उंबऱ्यावर खरकटं पाणी सांडलेलं खपायचं नाही. हिला इथं कशी सोडू?"

सुनावायचं सोडून मी गाडीचं दार उघडलं. फार वाईट वाटलं, त्यांच्यासाठी आणि नदीसाठीही.

परतताना गल्लीतल्या गाईला पिंड घातले. अण्णा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पुन्हा गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "पुढच्या नवमीपर्यंत होईल ना गं ते पाणी चांगलं?"

अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. नदी सुधारायला एक पिढी जाईल, हे मी प्रत्येक बैठकीत ठणकावून सांगते.

"होईल, अण्णा," मी म्हटलं.