बाबांच्या सनईचा पंचम
राजूरच्या खाणीत कामाला असताना बाबा लग्नसराईत बँडमध्ये सनई वाजवायचे. छातीच्या दुखण्यामुळे फुंकणं बंद करा असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी त्यांना मागच्या खोलीत बसवलं, पंखा बंद केला आणि एकेक सूर रेकॉर्ड करून घेतला. पुढे ते सूर माझ्या कीबोर्डच्या पट्ट्यांवर चढवले. याला सॅम्पल म्हणतात. पट्टी दाबली की तोच सूर वाजतो, जसाच्या तसा.

पंचम फुंकताना बाबांचा श्वास अडकला होता. पुन्हा फुंकायची ताकद त्यांच्यात नव्हती, म्हणून तोच ठेवला.

आता मारेगावचं लग्न असो की वणीचं, लोकांना हीच सनई हवी असते. मी पंचम दाबतो, बाबांचा श्वास अडकतो, वरात नाचत राहते. कुणाच्या लक्षातही येत नाही.

गेल्या हंगामात मी दुसरा कीबोर्ड आणला. त्यातली सनई रेकॉर्ड केलेली नाही. नळीतली हवा, पत्तीचं थरथरणं, सगळं यंत्र त्या क्षणी हिशेबानं घडवतं. बोटाच्या दाबानं सूर वाकतो. मला मोकळं वाटलं. पण मुकुटबनला नवरीचे वडील स्टेजवर आले.

“भाऊ, हे काय लावून राह्यले? आम्ही तुमच्या बाबाच्या सनईसाठी तुमाले बोलावलं.”

मी जुना कीबोर्ड पुन्हा लावला.

घरी बाबांना दोन्ही ऐकवले. ऑक्सिजनची नळी नाकाला लावून ते ऐकत होते.

“हे नवीन कोणं वाजवलं?”

“कुणी नाही. मशीनच सूर बनवते.”

“मंग याले दम लागत नसंल.”

मग जुना लावला. पंचमाला त्यांनी हात वर केला.

“इथं मी अडकलो होतो. तुले मालूम होतं?”

“हो.”

“मंग हेच काहून वाजवतं रोज?”

मी कीबोर्ड बंद केला. बाबांनी स्वतः माझ्या बँडच्या मालकाला फोन लावला, धापा टाकत सांगितलं, “पोराले नवीन वाजवू द्या.” मालक नम्रपणे म्हणाला, “काका, गिऱ्हाईक तुमच्याच आवाजासाठी येते.”

त्यानंतर मी लग्नाहून परतलो की बाबा विचारतात, “आज कोणती लावली?”

“जुनीच,” मी सांगतो.

ते भिंतीकडे तोंड करून झोपतात.